वाचायची राहिलेली नोट

मुलगी आली तेव्हा भाऊजी खुर्चीवर चढून पंखा पुसत होते आणि वहिनी खालून कुठली धूळ राहिली ते दाखवत होत्या.

"माझ्या वडिलांचे कागद रोज सकाळी छापून येतायत," मुलगी दारातूनच म्हणाली. "ते वारले, त्याला आता बरेच दिवस झाले."

भाऊजी खुर्चीवरून उतरले. फडकं मात्र पंख्यावरच राहिलं.

या वहिनी म्हणजे भाऊजींच्या थोरल्या भावाची बायको. भाऊजी वहिनी म्हणायचे, म्हणून शेजारी म्हणू लागले. पुढे वहिनींनी खासगी तपासाची कामं घ्यायला सुरुवात केली, तेव्हा पोलीसही वहिनीच म्हणू लागले. थोरले भाऊ घरात बसून शब्दकोडी सोडवतात आणि कशात पडत नाहीत. भाऊजींनी जन्मभर बस चालवली. तपासातलं त्यांना ओ की ठो कळत नाही, आणि ते हे चारचौघांत सांगतात. त्यामुळे लोक त्यांच्यासमोर मोकळं बोलतात, आणि वहिनींना हे फार सोयीचं पडतं.

"बसा," वहिनी म्हणाल्या. "भुताचं शेवटी सांगा. आधी माणसाचं सांगा."

मुलगी बसली. तिचे वडील शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात कॉम्प्युटरच्या कामावर होते. तिथे तळघरात एक जुनं, कपाटाएवढं यंत्र आहे. हॉस्पिटलच्या झाडून सगळ्या रुग्णांच्या नोंदी त्यात असतात, आणि एका खास भाषेत विचारलं की ते हवा तो रिपोर्ट छापून देतं. त्या नोंदींच्या प्रोग्रामचं आणि त्या भाषेचं अधूनमधून नवं व्हर्जन येतं. प्रत्येक वेळी काय बदललं आणि कुणी काय जपायचं, हे साध्या शब्दांत लिहायचं काम तिच्या वडिलांचं. त्याला सगळे 'नोट' म्हणत आणि त्यांना 'काका'.

"बाबा नोट लिहायचे. कॉम्प्युटर विभागाच्या साहेबांनी ती वाचायची आणि स्क्रीनवर 'वाचली' हे बटण दाबायचं. मग नवं व्हर्जन चालू. त्यानंतर नोटमध्ये फेरफार फक्त साहेबांनाच करता येतो. अशी पद्धत."

"आणि मग?"

"वॉर्डात रोज सकाळी एक रिपोर्ट जातो. कुठल्या रुग्णाला कुठलं औषध सोसत नाही, त्याचा. ज्याला अजून कुणी विचारलेलंच नाही, त्याच्या नावापुढची जागा कोरी असते. ती पाहून सिस्टर आधी विचारतात, मग सुई टोचतात. मागच्या व्हर्जनमध्ये कोरी जागा असलेले रुग्ण रिपोर्टातून गळायला लागले. एका माणसाचं नाव आलंच नाही. त्याला न सोसणारं इंजेक्शन दिलं गेलं, आणि तो गेला."

वहिनींनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

"नोट उघडून बघितली तर त्यात या बदलाचा उल्लेखच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मशीनरूममध्ये मेलेले सापडले. रात्रीच कधीतरी हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. आणि त्यांच्या टेबलावर हा कागद होता."

तिनं झेरॉक्स पुढे केली. भाऊजींनी मोठ्याने वाचली.

पद: नोट-लेखक
विभाग: —
रिकाम्या नोंदींचा बदल नोटमध्ये लिहायला मी विसरलो. चूक माझी आहे. त्या माणसाचा जीव माझ्यामुळे गेला.

"सही नाही," वहिनी म्हणाल्या.

"त्यांच्या नावाने मशीनमधून निघालाय. सगळ्यांनी खरा मानला. आईनेसुद्धा." मुलीने झेरॉक्स परत ओढून घेतली. "तिनं बाबांचा फोटो उतरवून कपाटात ठेवलाय. त्यांचं नाव काढत नाही. कुणी आलं तर दार उघडत नाही. उद्या दुपारी चौकशी समिती बसणार आहे. त्या माणसाचा मृत्यू बाबांच्या नावावर टाकतील आणि फाइल बंद होईल. मग जन्मभर आमच्या घरात ते असेच राहतील, कपाटात."

"आता भुताचं सांगा."

"बाबा गेले त्या दिवसापासून रोज सकाळी, मशीनरूम बंद असताना, प्रिंटर आपोआप चालू होतो. एकच कागद निघतो, बाबांच्या नावाने. त्यावर एकच ओळ असते. 'एक नोट वाचायची राहिली आहे.'"

भाऊजींनी वहिनींकडे पाहिलं. त्यांना भुताची भीती वाटत नाही, असं ते स्वतःच सांगतात.

"आईला कुणीतरी हे सांगितलं," मुलगी म्हणाली. "ती म्हणते, पाप केलेल्या माणसाला मेल्यावरही सुटका नसते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी दोघांना तळघरात घेऊन गेली. जिना उतरताना आधी दिवे कमी झाले, मग आवाज कमी झाले, आणि शेवटी नुसती एक घरघर उरली. ती कानांपेक्षा पायांना जास्त ऐकू येत होती. भिंतीला हात लावला तर भिंतही थरथरत होती.

ऑपरेटरबाई दाराबाहेर स्टूल टाकून बसल्या होत्या. यंत्र सांभाळणं, टेपा बदलणं, निघालेले कागद वॉर्डांना पाठवणं हे त्यांचं काम. पन्नाशीच्या, धिप्पाड, आणि खांद्यावर शाल.

"पहिला कागद निघेपर्यंत मी आत जात नाही," त्या म्हणाल्या. "मला काय म्हणायचं ते म्हणा."

"कोण म्हणतंय?" भाऊजी घाईने म्हणाले आणि स्टुलाच्या मागे उभे राहिले.

दाराच्या काचेतून आतलं दिसत होतं. राखाडी कपाटांच्या रांगा, त्यांवर मिणमिणणारे हिरवे दिवे, आणि माणूस एकही नाही. मग कोपऱ्यातला प्रिंटर खडखडला. कुणीतरी झोपेतून दचकून उठावं तसा. कागद वर सरकला, दोन-तीन ओळी उमटल्या आणि सगळं परत थांबलं. मुलीने वहिनींचा दंड धरला होता. तो सोडायचं तिच्या लक्षात राहिलं नाही.

वहिनींनी तिचा हात हळूच सोडवला, दार ढकललं आणि कागद फाडून आणला.

पद: नोट-लेखक
विभाग: —
एक नोट वाचायची राहिली आहे.

"कुणी वाचली?" वहिनींनी विचारलं.

"काय?"

"ही राहिलेली नोट. कुणी उघडून वाचली का?"

ऑपरेटरबाईंनी शाल घट्ट ओढली. "मेलेल्या माणसाची नोट कोण उघडणार? साहेब म्हणाले, फाडून टाका. मी फाडून टाकते."

"विभागापुढे ही नुसती रेघ कसली?"

"काकांना विभागच नव्हता," मुलगी मध्येच म्हणाली. तिलाही हॉस्पिटलातल्या लोकांसारखी 'काका' म्हणायची सवय लागली असावी. "म्हणजे, बाबांना. नेमणूक झाली तेव्हा कुठल्या विभागात टाकायचं ते ठरलं नाही, आणि नंतर कुणाला आठवलं नाही. ते हसायचे. म्हणायचे, मी सगळ्यांचा आहे."

ऑपरेटरबाईंनी टेपांच्या कपाटाजवळची खुर्ची दाखवली. काका तिथे सापडले होते, मान खाली, हात कपाटाच्या काचेवर.

"त्या हाताचा ठसा जात नाही," त्या कुजबुजल्या. "पुसला की जातो, सकाळी परत दिसतो. पाचही बोटं."

ठसा खरंच होता. थंड काचेवर पुसटसा, पसरलेला हात. भाऊजींना एकदम घरी काहीतरी काम आठवलं.

वहिनींनी वाकून पाहिलं. "कोरड्या फडक्याने पुसता ना? हाताचं तेल तसंच राहतं, आणि वर वाफ धरली की दिसतं. साबण लावा." मग त्या थांबल्या. "नको. इतक्यात लावू नका. त्यांची लेक इथे आहे."

मुलगी त्या काचेकडे पाहत उभी होती. तिनं आपला हात वर नेला, पण काचेला लावला नाही.

"ते संध्याकाळी इथे कशाला आले होते?"

"मी घरी जाताना माझ्याकडून किल्ली मागून घेतली. म्हणाले, एक जुनी टेप बघायची आहे, समितीपुढे लागेल. इथल्या सगळ्याची रोज टेपवर नक्कल होते ना, त्यातली एक. सकाळी ती त्यांच्या मांडीवर होती. मी उचलून जागेवर ठेवली."

"हे कुणाला सांगितलंत?"

"कुणी विचारलंच नाही."

वहिनींनी वॉर्डाचे जुने रिपोर्ट मागितले. काका सापडले त्याच्या आदल्या दिवशीचा रिपोर्ट त्यांनी उजेडात धरला. खाटांचे क्रमांक, नावं, औषधं. तीन-चार नावांपुढे जागा कोरी होती. माणूस गेल्याबरोबर नवं व्हर्जन काढून जुनं परत लावलं होतं, म्हणून गळलेली नावं पुन्हा आली होती, असं ऑपरेटरबाईंनी सांगितलं. तो रिपोर्ट वहिनींनी घडी घालून पर्समध्ये टाकला.

प्रोग्रामर वरच्या मजल्यावर बसायचा. तिशीचा, कानांवर हेडफोन, डोळे तांबारलेले. वहिनींनी विचारायच्या आधीच तो बोलायला लागला.

"बदल मी केला होता. मला वरून तसं सांगितलं होतं. रिकाम्या ओळी गाळा, रिपोर्ट लांबतो, कागद वाया जातो. मी काकांना सांगितलं. ते प्रत्येक बदल खोदून खोदून विचारायचे. डोकं खायचे अगदी." त्याने पलीकडच्या काकांच्या टेबलाकडे पाहिलं. "आता कुणी खात नाही."

"त्यांनी तो नोटमध्ये लिहिला होता का?"

"मला काय माहीत? नोटा कोण वाचतं?"

"तुम्ही नाही?"

"मीच केलेला बदल मीच कशाला वाचू?"

"आणि दुरुस्त केलेलं व्हर्जन?"

"ते काका सापडले त्या सकाळी चढवलं. रात्री घरी जाताना अर्धवट होतं, सकाळी लवकर येऊन पूर्ण केलं. साहेबांनी फोनवर सांगितलं, नोटची वाट बघू नकोस, चालू कर. केलं. चहा घ्यायला उठलो, तेवढ्यात खालून ऑपरेटरबाईंची किंकाळी आली."

"सकाळपर्यंत ते तुमच्या टेबलाबाहेर कुठेच नव्हतं?"

"कुठेच नाही. काकांना मी फक्त तोंडी सांगितलं होतं. त्यांनीच त्यात दोन गोष्टी घालायला लावल्या. एक छपाईतली. एक कसली तरी आठवणीची सोय. कशाला, ते मी विचारलं नाही. मला घरी जायची घाई होती."

"त्यांचा स्क्रीन?"

"रात्रभर चालूच होता. ते उठून खाली गेले ते गेलेच. सकाळी आलो तेव्हा त्यांचा चष्मासुद्धा तिथेच होता." त्याने हेडफोन काढून गळ्यात घातले. "मला वाटलं, काका आज लवकर आले."

साहेबांची खोली तळघरापेक्षा उबदार होती. टेबलावर एक पेन, एक डायरी, आणि बाकी काही नाही. साहेब गोड बोलत होते. मुलीला त्यांनी 'बाळा' म्हटलं आणि खुर्ची दिली.

"तुझ्या वडिलांइतका सज्जन माणूस मी पाहिला नाही. चूक कुणाच्याही हातून होते. त्यांनी ती कबूल केली, हा त्यांचा मोठेपणा."

"तो कागद तुम्हाला केव्हा दिसला?" वहिनींनी विचारलं.

"आदल्या दिवशी संध्याकाळीच. निघताना त्यांच्या टेबलाशी गेलो, ते नव्हते. हा कागद पडलेला दिसला. वाटलं, नेहमीची काहीतरी नोट. वाचली नाही, ही माझी चूक. वाचली असती तर कदाचित मी खाली जाऊन त्यांना शोधलं असतं." त्यांनी डोळ्यांवर हात फिरवला. "सकाळी ते सापडले, तेव्हा जाऊन वाचली."

"एरवी नोटा वाचता तुम्ही?"

"म्हणजे काय? मी बटण दाबल्याशिवाय इथलं पान हलत नाही."

"आणि ही रोज सकाळची?"

साहेब हसले. "बाई, मी भुतंखेतं मानत नाही. कुणीतरी वात्रटपणा करतंय. समिती झाली की यंत्र उघडून बघायला लावणार आहे."

बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले, "माणूस चांगला वाटला."

"खुर्ची छान होती," वहिनी म्हणाल्या.

उरलेली सकाळ वहिनींनी काकांच्या टेबलाशी काढली. शेजारी एक छोटा प्रिंटर होता. स्क्रीनवर त्यांच्या नोटा एकाखाली एक होत्या, कितीतरी वर्षांच्या. वहिनी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचत गेल्या. चष्मा अजून तिथेच होता. भाऊजींनी त्याच्याकडे पाठ केली आणि डुलक्या काढू लागले.

"भाऊजी, हे ऐका. ज्या व्हर्जनमुळे तो माणूस गेला, त्याची नोट. 'सात. छापील पानाचा डावा समास थोडा वाढवला आहे. आठ. वरचा बदल प्रत्येक वॉर्डातल्या सिस्टरना तोंडी सांगितल्याशिवाय हे व्हर्जन चालू करू नये. जिवाशी खेळ होईल.'"

भाऊजी जागे झाले. "समासासाठी? काका जरा ताणूनच लिहायचे म्हणायचं."

"हो ना. आणि ही शेवटची, ज्यावर अजून 'वाचली' पडलेलं नाही. 'कोरी नोंद असलेला रुग्ण आता पुन्हा रिपोर्टात येईल. पण कुठल्याही छापील कागदावर कोरी जागा यापुढे कोरी राहणार नाही, तिथे आडवी रेघ येईल. कोरी जागा पाहून माणसाला वाटतं, काही नाही. रेघ पाहून वाटतं, काहीतरी विचारायचं राहिलं.'"

"चांगलं लिहिलंय," भाऊजी म्हणाले. "पण यात कबुली कुठे आहे?"

वहिनींनी त्याखालची शेवटची बाब वाचली, पण मोठ्याने नाही. मग त्यांनी पदराने डोळे टिपले. भाऊजींनी वहिनींना असं करताना फारसं पाहिलं नव्हतं, म्हणून ते उठून पाणी आणायला गेले.

दुपारी समिती बसली. अध्यक्ष म्हणजे एक म्हाताऱ्या डॉक्टरबाई, कमी बोलणाऱ्या आणि कमी ऐकू येणाऱ्या. साहेब, प्रोग्रामर, ऑपरेटरबाई, मुलगी, सगळे होते. वहिनींना बोलायला वेळ मिळाला तो मुलीने हट्ट धरला म्हणून.

"आधी भूत काढू," वहिनी म्हणाल्या, "म्हणजे सगळ्यांना नीट बसता येईल. काकांच्या शेवटच्या नोटमधली शेवटची बाब अशी आहे. 'मागच्या वेळी बटण दाबलं गेलं, पण नोट वाचली गेली नाही. म्हणून या व्हर्जनपासून मी अशी सोय करून घेतली आहे, की साहेबांनी नोट उघडून शेवटपर्यंत वाचेपर्यंत माझ्या नावाने रोज सकाळी एक आठवण छापली जाईल. तसदीबद्दल माफी असावी.' एवढंच आहे तुमचं भूत. ते रोज एकच गोष्ट मागत होतं, आणि तुम्ही ते रोज फाडत होता."

ऑपरेटरबाईंनी तोंडावर शाल धरली. प्रोग्रामर हळूच म्हणाला, "ती आठवणीची सोय."

"तीच. आता त्यांची दुसरी सोय बघा, छपाईतली." वहिनींनी पर्समधून घडी काढली. "आदल्या दिवशीचा वॉर्डाचा रिपोर्ट. जुनं व्हर्जन. कोरी जागा कोरीच आहे. हा आज सकाळचा आठवणीचा कागद. नवं व्हर्जन. काकांना विभाग नव्हता, म्हणून विभागापुढे रेघ. आता ही कबुली. विभागापुढे काय आहे?"

अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला. "रेघ."

"रेघ छापणारं व्हर्जन त्या सकाळपर्यंत यंत्रावर नव्हतंच. प्रोग्रामरने ते सकाळी चढवलं. काका त्याआधीच, संध्याकाळी खाली गेले होते आणि खुर्चीत संपले होते. म्हणजे ही कबुली निघाली तेव्हा ती लिहिणारा माणूस जिवंत नव्हता."

खालची घरघर इथपर्यंत येत नव्हती, तरी भाऊजींना ती ऐकू येतेय असं वाटलं.

"काकांचा स्क्रीन उघडा होता," वहिनी पुढे म्हणाल्या. "कुणीही बसून चार ओळी टाइप करून शेजारच्या प्रिंटरवर छापू शकलं असतं. ऑपरेटरबाई? त्यांच्या हातातून रोज शेकडो कागद जातात, रेघ आली की पहिल्या त्यांना कळणार. प्रोग्रामर? ती रेघ त्यानेच घातली. हे दोघं अशी चूक करणार नाहीत. ती चूक एकच माणूस करू शकतो, ज्याला नवं काय आलंय याचा पत्ताच नाही. ज्याने ही नोट वाचलीच नाही."

साहेब म्हणाले, "एका रेघेवरून तुम्ही..."

"रेघेवरून नाही, तुमच्या शब्दावरून. हा कागद आदल्या संध्याकाळी टेबलावर पाहिला, असं तुम्ही आज सकाळी आम्हा तिघांसमोर सांगितलंत. त्या संध्याकाळी हा कागद जगात नव्हता. काका सापडले, सगळे धावत खाली गेले, आणि तुम्ही वर त्यांच्या टेबलाशी गेलात. मेलेला माणूस नाही म्हणणार नव्हता."

"पण का?" प्रोग्रामरने विचारलं. "काका विसरलेच होते ना? नोटमध्ये तो बदल नाहीच."

"आता नाही. समासाच्या बाबीखाली लिहिलंय, वरचा बदल सिस्टरना सांगा, जिवाशी खेळ होईल. समास वाढल्याने कुणी मरत नाही. त्या दोन बाबींच्या मध्ये आणखी एक बाब होती. माणूस गेल्याचं कळल्यावर साहेबांनी नोट पहिल्यांदा उघडली असणार. तेव्हा त्यांना कळलं, की आपण न वाचताच बटण दाबलं आणि वॉर्डात कुणाला काही सांगितलं नाही. नोट बदलायचा अधिकार फक्त त्यांना आहे. त्यांनी ती बाब काढली, क्रमांक जुळवले, पण खालची ओळ पुढे वाचली नाही. काकांना आपली नोट कापलेली दिसली. म्हणून ते नक्कल असलेली टेप काढायला खाली गेले. ती त्यांच्या मांडीवर होती. बाईंनी ती जागेवर ठेवली, म्हणून ती अजून आहे."

अध्यक्षबाईंनी ऑपरेटरबाईंकडे नुसतं पाहिलं. त्या उठून गेल्या. टेप लावून, जुनी नोट छापून आणेपर्यंत साहेब खिडकीकडे बघत होते.

कागद आला. अध्यक्षबाईंनी तो मुलीच्या हातात दिला. "तू वाच, बाळ."

मुलीने वाचलं. "आठ. ज्या रुग्णाच्या औषधाची नोंद कोरी आहे, तो रिपोर्टात येणार नाही. हा बदल मला पटलेला नाही. नोंद कोरी असणं आणि माणूस नसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत." पुढचं न वाचता तिनं कागद वहिनींकडे दिला.

"मी त्याला मारलेलं नाही," साहेब म्हणाले. त्यांचा गोडवा गेला होता. "तो आधीच गेला होता. त्याला आता काय फरक पडणार होता?"

"त्यांना नसेल पडत," वहिनी म्हणाल्या. "त्यांचं घर आहे. तिथे बराच पडला."

संध्याकाळी तिघं मुलीच्या घरी गेली. दार नुसतं बोटभर उघडलं. मुलीने उंबऱ्यातच सगळं सांगितलं, कारण आई बाजूलाच होईना. आईनं उभ्या उभ्या ऐकलं.

"म्हणजे त्यांनी लिहिलं होतं."

"हो आई."

"विसरले नव्हते."

"नाही."

आई आत जाऊन खाली बसली. सडपातळ बाई, केस कित्येक दिवसांत नीट विंचरलेले नसावेत.

"माझी गोळी संपायच्या आत दुसरी आणून ठेवायचे," ती म्हणाली. "घरातून निघताना गॅस बंद आहे का, ते दोनदा बघायचे. आणि तो कागद घेऊन साहेबांचा माणूस आला, तेव्हा मी एकदा वाचला आणि म्हटलं, विसरले असतील. एकदाही म्हटलं नाही, की हे असं करणार नाहीत."

"आई, सगळ्यांनीच खरं मानलं."

"सगळ्यांनी त्यांच्याबरोबर संसार केला नव्हता."

वहिनी तिच्याजवळ जमिनीवर बसल्या आणि बसून राहिल्या. भाऊजींनी नाक शिंकरलं आणि सर्दी झालीय असं सांगितलं.

थोड्या वेळाने आई उठली. तिनं तोंड धुतलं, केस बांधले, आणि कोपऱ्यातल्या चपला पायांत घातल्या.

"तो जो माणूस गेला, त्याची बायको कुठे राहते?"

"आई, आत्ता कुठे? समिती त्यांना कळवणार आहे."

"समिती पत्र पाठवेल. तिलाही हाच कागद दाखवलाय ना? ती बाई इतके दिवस त्यांना शिव्या देत असेल. मला तेवढा अधिकार नव्हता, तिला आहे. पण योग्य माणसाला दे म्हणावं." ती वहिनींकडे वळली. "तुम्ही येता का? मला नीट सांगता येणार नाही."

भाऊजींनी गाडी काढली.

दार उघडलं ते एका तरुण बाईने. डोळे खोल गेलेले, हातात ओलं फडकं. चार अनोळखी माणसं पाहून तिच्या कपाळाला आठी पडली.

"कोण पाहिजे?"

वहिनी बोलायला पुढे झाल्या, पण आईनं त्यांच्या हाताला धरून मागे केलं.

"तुमचे यजमान ज्यांच्यामुळे गेले असं तुम्हाला सांगितलं, त्यांची मी बायको," ती म्हणाली. "ते खरं नव्हतं. मीसुद्धा खरं मानलं होतं. आत येऊ का?"

त्या बाईनं फडकं दुसऱ्या हातात घेतलं आणि दारातून बाजूला झाली.